युद्धाला 'पण' म्हणण्याचा हक्क : मुंबई, १९१८ आणि १९३९

१/
१० जून १९१८, सोमवार. मुंबईच्या टाउन हॉलमध्ये गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी प्रांतिक युद्धपरिषद भरवली होती. युरोपातल्या महायुद्धाला चार वर्षे होत आली होती आणि साम्राज्याला आणखी माणसे व आणखी पैसा हवा होता. निमंत्रितांत लोकमान्य टिळकही होते. ते बोलायला उभे राहिले आणि थोड्याच वेळात सभागृह सोडून बाहेर पडले. युद्धात साथ मागणाऱ्याला अटी सांगता येतात का, हा प्रश्न त्या दिवशी मुंबईत उभा राहिला. हा धागा त्या प्रश्नाचा आहे.

२/
टिळकांचा युद्धमदतीला विरोध होता, असा समज अनेकदा आढळतो. वस्तुस्थिती निराळी आहे. मंडालेहून जून १९१४ मध्ये सुटून आल्यावर दोन-अडीच महिन्यांतच त्यांनी जाहीर पत्रक काढून या संकटात सरकारला साहाय्य करावे, अशी भूमिका मांडली होती. सहा वर्षे तुरुंगात डांबणाऱ्या सरकारविषयी ही भाषा ऐकून त्यांचे काही चाहतेही चकित झाले होते. टिळकांचा हिशेब मात्र सरळ होता : तरुणांनी शस्त्र हाती घ्यावे, लष्करी विद्या शिकावी आणि ज्या साम्राज्यासाठी ते मरतील त्या साम्राज्याने त्यांना स्वराज्याचा हक्क द्यावा.

३/
विलिंग्डन यांनी आरंभीच्याच भाषणात होमरूलवाल्यांच्या सहकार्याच्या प्रामाणिकपणाविषयी शंका व्यक्त केली. पाहुण्यांना घरी बोलावून दारातच बोल लावावा, तसा तो प्रकार होता. त्यानंतर राजनिष्ठेचा ठराव आला. टिळकांनी राजनिष्ठा व्यक्त केली आणि पुढच्याच वाक्यात मुद्द्याला हात घातला : देशाचे संरक्षण आणि देशाचा कारभार या गोष्टी वेगळ्या काढता येणार नाहीत. गव्हर्नरांनी त्यांना थांबवले. येथे राजकीय चर्चा चालणार नाही, असे बजावले. ठरावाला उपसूचना मांडण्याचीही मुभा नव्हती. टिळक निघाले. त्यांच्यामागून न. चिं. केळकर बोलू लागले, त्यांनाही अडवण्यात आले आणि तेही बाहेर पडले.

४/
उपस्थितांत बॅ. महंमद अली जीना होते. त्यांनी सभागृहातच होमरूल पुढाऱ्यांवरील आक्षेपाचा निषेध केला. सहाच दिवसांनी, १६ जूनला, मुंबईत निषेधसभा झाली आणि तिचे अध्यक्षपद गांधीजींनी भूषवले. येथे गोष्ट गुंतागुंतीची होते, कारण युद्धमदतीच्या प्रश्नावर गांधीजी टिळकांच्या बाजूचे नव्हतेच.

५/
एप्रिल १९१८ च्या अखेरीस दिल्लीत व्हाइसरॉयांनी भरवलेल्या युद्धपरिषदेत गांधीजींनी भरतीच्या ठरावाला हिंदुस्थानीतून, अगदी मोजक्या शब्दांत पाठिंबा दिला होता. त्या परिषदेला टिळकांना बोलावणे नव्हते. गांधीजींचे म्हणणे असे, की साम्राज्याचे समान भागीदार व्हायचे असेल तर त्याच्या संकटात विनाअट धावून जावे. अट घातली की मदतीचा सौदा होतो. टिळकांचे म्हणणे नेमके उलट : विनाअट मदत बरोबरीचा माणूस करतो, गुलामाने केली तर तिला वेठ म्हणतात.

६/
मराठीत 'पण' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक 'परंतु'चा, दुसरा पैजेचा. टिळकांनी त्या वर्षी दोन्ही वापरले. त्यांनी गांधीजींकडे ५०,००० रुपयांचा धनादेश पाठवला. हिंदी सैनिकांना अधिकारपदे मिळतील असे आश्वासन गांधीजींनी सरकारकडून मिळवावे, मग महाराष्ट्रातून ५,००० माणसे भरती करून देतो, न जमल्यास ही रक्कम जप्त समजावी, असा तो पण होता. गांधीजींनी धनादेश परत केला. त्यांच्या दृष्टीने तो सौदाच होता.

७/
अधिकारपदांचा मुद्दा किरकोळ नव्हता. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून १३ लाखांहून अधिक माणसे सैनिक वा मजूर म्हणून गेली आणि ७४,००० हून अधिक परतली नाहीत. फ्लँडर्सच्या चिखलात आणि मेसोपोटेमियाच्या उन्हात लढलेला हिंदी सुभेदार मात्र कालपरवा आलेल्या गोऱ्या लेफ्टनंटपेक्षा कनिष्ठच राहत असे. १९१८ मध्ये सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयात हिंदी तरुणांसाठी जागा राखून ठेवण्यात आल्या. किती? वर्षाला १०.

८/
गांधीजी खेडा जिल्ह्यात भरतीसाठी गावोगाव फिरले. काही महिन्यांपूर्वी सारासत्याग्रहात ज्या शेतकऱ्यांनी त्यांना आपणहून बैलगाड्या दिल्या होत्या, तेच आता भाड्यानेही गाडी देईनात. हा अनुभव गांधीजींनी आत्मकथेत स्वतःच नोंदवला आहे. टाउन हॉलमध्ये टिळकांना जे बोलू दिले नाही, ते खेड्यातल्या शेतकऱ्याने एक शब्दही न बोलता सांगितले.

९/
एक योगायोग येथे नोंदवायला हवा. टाउन हॉलमध्ये परिषद चालू होती त्याच दिवशी, १० जून १९१८ ला, मुंबईतले सात पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले. त्यांतल्या एकाची नेमणूक गोदीत होती. हा ताप हिवतापाचा नव्हता. इन्फ्लुएन्झाच्या साथीची मुंबईतली ही पहिली चाहूल मानली जाते. युद्धावरून परतणाऱ्या जहाजांसोबत ती आली, असे आरोग्याधिकाऱ्यांचे मत होते. पुढच्या काही महिन्यांत या साथीने देशात एक कोटीहून अधिक माणसे नेली. युद्ध किती माणसे मागते याची मोजदाद सभागृहात चालली होती आणि ज्यांना कोणी काही विचारले नव्हते, त्यांच्याकडून वसुली बंदरावर सुरूही झाली होती.

१०/
दुसरी वसुली परळ-लालबागच्या गिरण्यांत झाली. युद्धात कापडाला तेजी आली आणि गिरणीमालकांचा नफा फुगला. धान्य, कापड आणि रॉकेल यांच्या भाववाढीत कामगाराची मजुरी मात्र मागेच राहिली. जानेवारी १९१९ मध्ये एक लाखाहून अधिक गिरणी कामगार संपावर गेले. त्याच वर्षी मार्चमध्ये रौलट कायदा आला आणि १३ एप्रिलला जालियनवाला बाग घडले. विनाअट मदतीचे ते उत्तर होते. गांधीजींच्या साम्राज्यनिष्ठेला येथून तडे गेले.

११/
आता एकवीस वर्षे पुढे. ३ सप्टेंबर १९३९ ला ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले आणि व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी हिंदुस्थानही युद्धात असल्याचे जाहीर केले. ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि दक्षिण आफ्रिका यांचे निर्णय त्यांच्या त्यांच्या सरकारांनी घेतले. दक्षिण आफ्रिकेत तर या वादात पंतप्रधान बदलले. हिंदुस्थानात निवडून आलेली प्रांतिक मंत्रिमंडळे होती, मुंबईत बाळासाहेब खेर यांचे सरकार होते, तरीही कोणालाच विचारले गेले नाही. १९१८ मध्ये निदान एक सभागृह होते, ज्यातून बाहेर पडता येत होते. १९३९ मध्ये तेही उरले नाही.

१२/
काँग्रेस कार्यकारिणीने सप्टेंबरच्या मध्यात ब्रिटनला युद्धाची उद्दिष्टे विचारली. हे युद्ध लोकशाहीसाठी असेल तर ती लोकशाही हिंदुस्थानला लागू आहे का? गांधीजींचे मत याही वेळी असेच होते, की जो काही पाठिंबा द्यायचा तो विनाअट द्यावा आणि अहिंसेच्या मर्यादेत द्यावा. आपण यात एकटे पडलो, हेही त्यांनी मोकळेपणाने सांगितले. टिळक जाऊन एकोणीस वर्षे झाली होती आणि काँग्रेस त्यांच्या १९१८ च्या भूमिकेवर येऊन उभी होती. समाधानकारक उत्तर आले नाही. नोव्हेंबरच्या आरंभी खेर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

१३/
त्याआधीच गिरणगावाने आपले उत्तर दिले होते. २ ऑक्टोबर १९३९ ला, गांधीजींना सत्तर वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, मुंबईतल्या सुमारे ९०,००० कामगारांनी युद्धाच्या निषेधार्थ एक दिवसाचा राजकीय संप केला. मागणी पगाराची नव्हती, बोनसची नव्हती. युद्ध सुरू होऊन महिनाही झाला नव्हता. युद्धात उतरलेल्या देशांत कामगारांनी त्या युद्धाविरुद्ध केलेल्या अगदी पहिल्या संपांपैकी हा एक होता. पाळी चुकली की मजुरी बुडते, हे ठाऊक असलेल्या माणसांनी एका दिवसाच्या भाकरीवर आपले मत नोंदवले. मार्च १९४० मध्ये महागाईभत्त्यासाठी पुन्हा संप झाला. तो सुमारे चाळीस दिवस चालला आणि त्यात श्रीपाद अमृत डांगे यांच्यासह अनेक पुढारी तुरुंगात गेले.

१४/
मुंबईचा आवाज एकच होता, असे मात्र समजू नये. पायी फिरता येईल एवढ्या दादरमध्ये युद्धाविषयीची निरनिराळी उत्तरे शेजारी राहत होती. शिवाजी पार्कच्या बाजूला बॅ. सावरकर होते. हिंदू तरुणांनी या संधीचा लाभ घेऊन सैन्यात शिरावे, असे ते सांगत होते. हिंदू कॉलनीत 'राजगृह'मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. नाझीवादाचा पराभव व्हायलाच हवा, याविषयी त्यांच्या मनात शंका नव्हती. शिवाय ज्या सैन्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची भरती बंद केली, पहिल्या महायुद्धात गरज पडताच त्यांची पलटण उभारली आणि गरज संपताच ती मोडली, त्या सैन्याकडून त्यांना जुना हिशेब चुकता करून हवा होता.

१५/
१९४१ च्या ऑक्टोबरमध्ये बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. जुलै १९४२ मध्ये आंबेडकर व्हाइसरॉयांच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. हा 'होकार' टिळकांच्या जातकुळीचा होता : मदत, पण हक्कासह. फरक इतकाच, की टिळक देशासाठी हक्क मागत होते आणि आंबेडकर आधी देशाला विचारत होते, की त्या हक्कात आमचा वाटा किती?

१६/
'नकार' देणारेही एका जागी राहिले नाहीत. जून १९४१ मध्ये हिटलरने सोव्हिएत रशियावर स्वारी केली आणि कम्युनिस्टांचे 'साम्राज्यवादी युद्ध' काही महिन्यांत 'लोकयुद्ध' झाले. ज्यांनी १९३९ मध्ये गिरण्या बंद पाडल्या, तेच १९४२ मध्ये उत्पादन थांबू नये असे सांगू लागले. इकडे १९१८ मध्ये भरतीसाठी गावे पालथी घालणारे गांधीजी ८ ऑगस्ट १९४२ ला गवालिया टँकवर 'छोडो भारत'चा नारा देत उभे होते. माणसे बदलली, बाजू बदलल्या. 'आम्हाला विचारले का?' हा प्रश्न तेवढा जागचा हलला नाही.

१७/
मधल्या काळात हा प्रश्न सर्वांत नितळ रूपात मांडला गेला तो पवनारला. १७ ऑक्टोबर १९४० ला विनोबा भावे यांनी वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला. मागणी एकच होती : युद्धाविरुद्ध बोलण्याचे स्वातंत्र्य. टाउन हॉलमध्ये टिळकांकडून जे हिरावले गेले, तेच विनोबा मागत होते. त्यांना अटक झाली.

१८/
आता जगाकडे पाहू. २००३ मध्ये अमेरिकेने इराकवर स्वारी करायचे ठरवले, तेव्हा फ्रान्स आणि जर्मनी या तिच्या मित्रदेशांनी उघड विरोध केला. ब्रिटन मात्र अमेरिकेबरोबर गेला. १४ फेब्रुवारीला सुरक्षा परिषदेत फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री दोमिनिक द व्हिलपँ यांचे भाषण झाले आणि दुसऱ्याच दिवशी जगभरच्या शहरांत लाखो लोक रस्त्यावर उतरले. अमेरिका चिडली. युद्ध थांबले नाही. पण पॅरिसच्या मंत्र्याला कोणी मध्येच खाली बसवले नाही. त्याच्या देशाजवळ स्वतःची खुर्ची होती, नकाराधिकार होता आणि स्वतःचे सैन्य घरी ठेवण्याचा हक्क होता.

१९/
तो हक्क त्या वेळी भारतानेही वापरला. एप्रिल २००३ मध्ये संसदेने ठराव केला. त्याच्या हिंदी मसुद्यात 'निंदा' हा शब्द होता आणि इंग्रजी मसुद्यातला शब्द त्याहून सौम्य होता. त्या एका शब्दावर बराच काथ्याकूट झाला. जुलैमध्ये इराकमध्ये सैन्य पाठवण्याची अमेरिकेची विनंती सरकारने नाकारली. १९१४ मध्ये हिंदी फौजा मेसोपोटेमियात, म्हणजे याच इराकमध्ये, कोणालाही न विचारता उतरवल्या गेल्या होत्या. स्वातंत्र्य म्हणजे काय, याचे इतके ठळक उदाहरण इतिहासात क्वचितच सापडते.

२०/
'पण' म्हणणारा नेहमी बरोबरच असतो, असा याचा अर्थ नाही. हिटलरविरुद्धच्या युद्धाला दिलेला नकार आज वाचताना अस्वस्थ करतो आणि तसे वाटणे योग्यच आहे. मात्र ज्याला नकार देण्याची मुभाच नाही, त्याच्या होकारालाही किंमत उरत नाही. विलिंग्डन यांना राजनिष्ठेचा ठराव एकमताने हवा होता. तो तसा मंजूर झाला असता, तरी त्यातून त्यांना काय कळले असते?

२१/
टाउन हॉल आजही फोर्टमध्ये उभा आहे. त्याच्या रुंद पायऱ्यांवर विद्यार्थी पुस्तके घेऊन बसतात, कारण एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय तेथेच आहे. डिसेंबर १९१८ मध्ये याच सभागृहात विलिंग्डन यांच्या गौरवाचा घाट घातला गेला, तो जीनांच्या नेतृत्वाखाली मुंबईकरांनी उधळला. मग लोकांनी वर्गणी काढून जीनांच्या नावाने एक सभागृह बांधले. ते गिरगावाजवळ काँग्रेस हाउसच्या आवारात आहे. ज्या शहराने बोलू न देणाऱ्या गव्हर्नराचे स्मारक नाकारले, त्याने बोलण्यासाठी एक सभागृह बांधले. पुढच्या वेळी त्या बाजूला जाल, तेव्हा जरूर पाहा.