मोटारीचे स्नान

यवतमाळकडच्या उन्हाळ्यात माणसांप्रमाणे मोटारीचीही कातडी सुकते. पारा कधी कधी ४५ अंशांच्या घरात जातो आणि दारांभोवतीचे, काचांभोवतीचे रबर कडक होत होत शेवटी तडकते. ही उणीव उन्हाळ्यात कोणाच्या ध्यानात येत नाही. ती उघडी पडते मृगाच्या पहिल्या सरीला, आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो. म्हणून आमच्याकडे दर वर्षी मे महिना सरता सरता मोटारीला स्नान घालण्याचा कार्यक्रम असतो.

तुम्ही म्हणाल, चार थेंब आत आले तर बिघडले कुठे? पण आमची मोटार जुनी, आणि गाव हमरस्त्यापासून दूर. रात्री-अपरात्री कोणाचे दुखणे वाढले की यवतमाळच्या रुग्णालयाकडे हीच मोटार निघते. पायाखालच्या चटईत मुरलेले पाणी पत्रा कुजविते, तारांच्या जोडांत शिरते. आणि भर पावसात, नाल्याच्या अलीकडेच, दिवे मालवतात. मागे अडलेली बाळंतीण कण्हत असताना असे होऊन चालत नाही.

परंतु ज्या दिवसांत ही परीक्षा घ्यावयाची, त्याच दिवसांत आमच्याकडे पाण्याची टंचाई! २०१८ च्या उन्हाळ्यात तर यवतमाळ शहराला पाणी पुरविणारी निळोणा व चापडोह ही धरणे आटली होती. अशा मुलखात मोटारीवर नळी सोडणे मनाला पटत नाही. आमचे मिस्त्री निम्मी परीक्षा कोरडीच उरकतात. कागदाची पट्टी मध्ये धरून दार लावतात व ती ओढून पाहतात. सहज निसटली, तर तेथे रबर सैल झाले असे समजावे. मग लागते एक झारी पाणी आणि थोडी खडूची भुकटी. ही भुकटी आतून सांध्यांवर लावून मी विजेरी घेऊन बसतो. मिस्त्री बाहेरून धार सोडतात, पण खालून वर. हा क्रम महत्त्वाचा. वरून ओतलेले पाणी सगळ्याच सांध्यांवरून ओघळते. मग दोष कोणाचा हे कळावे कसे? भुकटीवर ओली रेघ उमटली की मी काचेवर टिचकी मारतो.

गेल्या खेपेस चालकाच्या पायाशी ओल आढळली. दाराचे रबर तर धडधाकट होते.

"पाणी दिसते तिथूनच येते असं नाही, गुरुजी," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी समोरच्या काचेखालची जाळी काढली. तेथल्या पन्हळीत कडुनिंबाचा पाला गच्च बसून निचऱ्याचे भोक बुजले होते. तुंबलेले पाणी पत्र्याआडून वाट काढीत हातभर दूर येऊन टपकत होते. एका काडीने काम भागले. पुन्हा धार सोडली. भुकटी कोरडीच राहिली.

आता मोटार कडुनिंबाखाली उभी करावी की नाही, यावर आमच्या घरात दोन पक्ष पडले आहेत. सावलीत ठेवावी तर पाला साचतो आणि उन्हात ठेवावी तर रबर तडकते.