एक गियर शिल्लक

रविवारी पहाटे सिंहगडाच्या घाटात अंधार पुरता विरघळलेला नसतो, आणि वळणावळणावर सायकलींचे लाल दिवे लुकलुकत असतात. चढ तीव्र झाला की बोलणं थांबतं. मग ऐकू येतो फक्त श्वास, आणि गियर उतरल्याचा खट्‌ असा बारीक आवाज. एखाद्याचा अंगठा पुन्हा गियरची कळ दाबतो. पण खट्‌ होत नाही. गियर संपलेले असतात, घाट बाकी असतो.

रोड बाइक घ्यायची ती या क्षणाचा विचार करून. दुकानात मात्र चर्चा रंगते वजनाची, रंगाची, सपाटीवरच्या वेगाची. पुढे 39 दात्यांची चकती आणि मागे 23 दात्यांचं चक्र ही जोडी एके काळी रेसिंग सायकलींवर सर्रास दिसे. तीव्र चढावर ताशी साडेसात किलोमीटरने जायचं, तर या जोडीवर मिनिटाला जेमतेम 35 वेळा पेडल फिरतं. प्रत्येक फेरीत सगळा भार गुडघ्यावर. तेच पुढे 34 आणि मागेही 34 दाते असले, की पेडलच्या एका फेरीत चाकाचीही एकच फेरी होते, सुमारे 2.1 मीटरची. वेग तोच, पण पाय मिनिटाला 60 वेळा फिरतात. चढ कमी झालेला नसतो. तो लहान लहान घासांत वाटला जातो.

हलक्या गियरकडे कमीपणाच्या नजरेने पाहण्याची खोड जुनीच आहे. टूर द फ्रान्सचा संस्थापक आंरी देग्रांज याला डिरेलर, म्हणजे गियर बदलण्याची यंत्रणा, ही पुरुषार्थाशी तडजोड वाटे. त्या काळी मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक दातेरी चक्र असे. चढ आला की स्पर्धक खाली उतरत, चाक काढत, उलटं बसवत आणि पुन्हा निघत. आल्प्सच्या गारठ्यात, आखडलेल्या बोटांनी! 1903 साली सुरू झालेल्या या शर्यतीत डिरेलरला सर्रास परवानगी मिळाली ती 1937 साली.

फ्रेमबद्दल बोलताना त्याच शर्यतीतला 1913 सालचा यूजेन क्रिस्तोफ आठवावाच लागतो. तूरमाले घाट उतरताना त्याच्या सायकलचा पुढचा पोलादी चिमटा तुटला. दुसऱ्याची मदत घ्यायला नियमांनी बंदी. सायकल खांद्यावर टाकून तो कित्येक किलोमीटर चालला, सेंत-मारी-द-कांपां गावात लोहाराची भट्टी गाठली आणि चिमटा स्वतःच्या हातांनी सांधला. एका पोराने भाता चालवला, तेवढ्यावरूनही त्याला दंड झाला.

पोलाद म्हणूनच मनाला धीर देतं. ते बहुधा आधी वाकतं, तडा दाखवतं, आणि जाणत्या कारागिराच्या हातून पुन्हा सांधलंही जातं. कार्बन हलका, धक्के छान पचवणारा. पण जोरात आपटला तर आतली इजा वरून दिसेलच असं नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यानंतरच्या रस्त्यांसाठी मात्र फ्रेम कशाची आहे याइतकंच महत्त्व टायरसाठी ठेवलेल्या जागेला द्यावं. 28 किंवा 32 मिलिमीटरचा टायर मोकळेपणी फिरेल अशी फ्रेम घ्यावी. 23 मिलिमीटरचा अरुंद टायर खड्ड्यांपुढे पार हतबल होतो.

आणि चेन! चेन ‘ताणली’ असं म्हणतात, पण पट्ट्या लांबत नाहीत. पिना जिथे फिरतात त्या जागा झिजतात. दहा इंचांच्या चेनीत सव्वा मिलिमीटरची वाढ झाली, की अकरा गियरच्या सायकलची चेन बदलावी. तेवढ्यासाठी चालढकल केली तर तीच चेन मागची महागडी चक्रं कुरतडत राहते.

पावसात भिजून आलेली सायकल भिंतीला टेकवून उद्यावर टाकू नये. जुन्या सुती बनियनचा तुकडा घ्यावा, चेन त्यात धरून पेडल उलटं फिरवावं. आधी काळं, मग करडं असं पाणी निथळतं. कोरड्या झालेल्या प्रत्येक कडीवर तेलाचा एकेक थेंब सोडावा, वरचं तेल पुसून घ्यावं. मग मागचं चाक उचलून फिरवावं आणि कान द्यावा. खरखर गेलेली असते. चाक कितीतरी वेळ बारीक टिकटिकत राहतं.