वांकडी गेलेली चूक

आमच्या घरीं पत्र्याची एक जुनी पेटी होती. तींत हातोडा, पक्कड, पाना, रंधा, पटाशी आणि दोनतीन कानशी एवढा संसार असे. आजोबा होते तोंवर हीं सारीं हत्यारें त्यांच्या हातीं निमूटपणें काम करीत. परंतु त्यांच्या मागें तीं माझ्या हातीं आलीं आणि त्यांस काय झालें न कळे! हातोडा खिळा सोडून आंगठ्याची विचारपूस करूं लागला, पक्कड भलतेंच पकडूं लागली, आणि पटाशीनें लाकडापेक्षां माझ्या बोटांवरच अधिक नक्षी काढली. ‘ज्याच्या हातीं ससा तो पारधी’ ही म्हण ज्यानें केली त्याच्या हातीं रंधा कधीं आला नसावा, असें माझें प्रामाणिक मत आहे.

वाचकांपैकीं ज्यांनीं सुताराचें काम जवळून पाहिलें असेल त्यांस ठाऊकच असेल कीं, बारीक खिळ्यास आपल्या भाषेंत ‘चूक’ म्हणतात. हें नांव ज्यानें योजिलें तो गृहस्थ मोठा अनुभवी असला पाहिजे. आजोबांची तसबीर भिंतीवर लावण्याचें काम मीं आपण होऊन पत्करलें, तेव्हां या नांवाची यथार्थता मला पटली. पहिली चूक वांकली, दुसरी उडून फडताळामागें गेली, तिसरीबरोबर गिलाव्याचा टवका निघाला. एका तसबिरीसाठीं अकरा चुका लागल्या आणि त्या अकराही माझ्याच होत्या. अखेर जेथें बारावी टिकली तेथें तसबीर टांगली. ती जागा जमिनीपासून जेमतेम दोन हात उंच होती. आईनें येऊन पाहिलें आणि ती म्हणाली, “मामंजी जन्मभर पाटावर बसत. आतां भिंतीवरही पाटाच्याच उंचीवर बसले म्हणायचे!”

एवढ्यानें ज्याचा उत्साह मावळेल तो वऱ्हाडचा मुलगा कसला! त्याच वर्षीं आषाढांत अकोल्यास मामांकडे जाण्याचा योग आला. मोर्णेच्या पलीकडे जुन्या शहरांत मामांचें घर होतें. पावसानें त्यांचें माजघराचें दार असें फुगलें होतें कीं, तें लावावयास खांदा आणि उघडावयास लाथ लागे. मीं रंधा मागून घेतला. प्रथम तो लाकडाच्या शिरेच्या उलट चालविला, त्यामुळें दारास ठिकठिकाणीं खळगे पडले. मग सुलट चालविला. भुश्श्याचा आणि ढलप्यांचा ढीग पाहून मला स्फुरण चढलें. सायंकाळीं दार एका बोटानें लागूं लागलें, आणि मामींनीं माझ्या पुढ्यांत शंकरपाळ्यांचा डबाच आणून ठेवला.

पुढें उन्हाळ्याच्या सुटींत पुन्हां तेथें गेलों. अकोल्याचा वैशाख वाचकांस सांगावयास नको. पारा ४५ अंशांच्या वर चढतो, तेव्हां माणसेंही सुकतात, मग लाकडाची कथा काय? दार आणि चौकट यांमध्यें आतां माझा पंजा सहज जाई. दार लावलेलें असतांनाही शेजारचें मांजर आंत येऊन दुधाचा समाचार घेऊन जाई. “भाचेबुवा,” मामा म्हणाले, “दार दुरुस्त केलेंत कीं मांजरास राजमार्ग करून दिलात?” लाकूड पावसाळ्यांत ओल पितें आणि रुंदीस फुगतें; उन्हाळ्यांत ती ओल टाकतें आणि आकसतें; लांबींत मात्र फारसा फरक पडत नाहीं. म्हणून जाणता सुतार पावसाळ्यांत दारास बेतानेंच रंधा लावतो. हें ज्ञान मला दहा महिन्यांनीं आणि मांजराच्या कृपेनें झालें.

येथवर सारा विनोदच झाला. आतां सांगतों तो प्रसंग आठवला म्हणजे मला तितकें हंसूं येत नाहीं.

माझे वडील, म्हणजे नाना, अकोल्यास नोकरीस होते. शनिवारीं रात्रीं ते अमरावतीस येत आणि सोमवारीं पहांटे परत जात. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ सालीं नागपुरास पोंचला, तो अमरावती बाजूस ठेवून बडनेऱ्यावरून गेला. त्यामुळें पहांटेची गाडी गांठण्यासाठीं नाना चार वाजतां सायकलीनें निघत आणि पांचसहा मैल तुडवून बडनेऱ्यास पोंचत. एके रविवारीं त्या सायकलीचें डावें पायडल कुरकुरूं लागलें. तें काढावें, घासलेटानें धुवावें, तेल घालून पुन्हां बसवावें, असा बेत मीं केला. नाना कोणाकडे गेले होते. त्यांस चकित करण्याची मला हौस होती.

पायडलास पाना लावला आणि सर्व आटे सुटतात त्याच बाजूस, म्हणजे डावीकडे, फिरविला. तें हलेना. जोर केला, हलेना. तेव्हां पान्यास नळीचा तुकडा जोडून लांब केला आणि सर्व भार टाकला. एकदम काहींतरी सैल झालें. “सुटलें!” म्हणून मी ओरडलों. परंतु पायडल सुटलें नव्हतें, तर त्याचे आटे मेले होते. आतां तें दांड्यांत राहीना. मीं त्यास चिंधी गुंडाळली, ठोकून बसविलें आणि वरून तेलाचा हात फिरविला. दिसावयास सायकल नव्यासारखी दिसूं लागली.

रात्रीं जेवतांना नानांनीं विचारलें, “सायकल पाहिलीस म्हणे? ठीक आहे ना?”

मीं पानांतून मान वर न करतां म्हटलें, “हो.”

पहांटे दार वाजलें तेव्हां मी जागाच होतों. नाना गेले. आठ वाजतां ते परत आले, तेव्हां सायकल हातीं धरलेली होती, गुडघ्यावर धोतर फाटलें होतें आणि तळहात सोलले होते. राजापेठेच्या पुढें अंधारांत पायडल निखळलें, ते पडले, आणि पायीं पोंचेपर्यंत गाडी निघून गेली. त्या महिन्यांत त्यांचा एका दिवसाचा पगार कापला गेला. ते रागावले नाहींत. आईनें हळद लावीपर्यंत ते स्वस्थ बसले आणि मग मला म्हणाले, “आटे गेल्याचें तुला ठाऊक होतें?”

“होय.”

“मग रात्रींच कां नाहीं बोललास? मी दोन वाजतां पायीं निघालों असतों.”

या प्रश्नाचें उत्तर मजपाशीं तेव्हां नव्हतें, आजही नाहीं.

त्याच दिवशीं सायकल घेऊन मी राजापेठेंतील मिस्त्रीकडे गेलों. त्यानें दांड्याचें भोंक पाहिलें आणि कपाळास हात लावला. “काऊन रे बाबू, डाव्या पायडलाचे आटे उल्टे राह्यतात, हे तुले ठावं नव्हतं काय?” सुलटे आटे असते तर डाव्या बाजूचें पायडल चालतां चालतां आपोआप सैल होत गेलें असतें; म्हणून तेथें आटे उलटे पाडतात. मी ज्यास सोडवणूक समजत होतों ती आवळणूक होती! “नसन ठावं तर इचारा लागत होतं,” मिस्त्री म्हणाला. “इचारल्यानं कोनी लहान होत नाई.”

तोंवर मी सायकलदुरुस्तीस हलकें काम समजत असें. पुढें वाचनांत आलें कीं, लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं आरंभीं, १८८८ सालीं, बेळगांवास सायकलींचेंच दुकान घातलें. नंतर त्यांनीं लोखंडी नांगर केले, तेव्हां लोखंडानें जमिनीस विष बाधेल या भीतीनें शेतकरी ते घेईनात. तरी त्यांनीं हात आखडला नाहीं, आणि १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली. अमेरिकेंत डेटन गांवीं राईट बंधूंचेंही सायकलींचेंच दुकान होतें; त्यांचें विमान १९०३ सालीं उडालें. या दुकानांत चुका झाल्या नसतील असें थोडेंच आहे! पण चिंधी गुंडाळून विमान उडत नाहीं.

१९३७ सालीं महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं आपल्या शेजारच्या वर्ध्यास शिक्षण परिषद भरली आणि मुलांस हस्तव्यवसायाच्या द्वारें शिक्षण द्यावें असें तेथें ठरलें. त्याचें मर्म मला त्या पायडलानें शिकविलें. वहींतील गणित चुकलें तर आपल्यालाच गुण कमी पडतात. हत्यारानें केलेली चूक लपविली तर तिच्यावर दुसराच कोणी विश्वासानें पाय ठेवतो.

बाल वाचकहो, हत्यारें अवश्य हातीं घ्या. आंगठे सुजतील, मांजरें दूध पितील, घरचे हंसतील, हंसूं द्या. मात्र सुताराचा एक नियम ध्यानांत ठेवा. वांकडी गेलेली चूक तेथल्या तेथें उपटावी. ती तशीच ठोकीत राहिलों तर फळी फाटते.

आजोबांची तसबीर अजून दोन हातांच्याच उंचीवर आहे. नानांनीं ती हलवूं दिली नाहीं.