जे दिसतं, तेवढंच लिही

पुणे
आषाढ

चि. बाय,


तुझी पटकथा आणि पत्र, दोन्ही मिळालं. पटकथा आधी सलग वाचली, मग पेन्सिल घेऊन पुन्हा वाचली. पत्राच्या शेवटी तू विचारलं आहेस, की पुण्या-मुंबईला आल्याशिवाय हे शिकता येतं का, की कॉलेजची ही वर्षं मालवणात फुकट जाणार? याचं उत्तर एका ओळीत देण्यासारखं नाही, म्हणून हे लांबलचक पत्र. पण आधी तुझ्या पानांविषयी बोलू.

गोष्ट तू चांगली निवडली आहेस. रापण लावणारे आजोबा, पर्यटकांना स्कुबा डायव्हिंगला नेणाऱ्या बोटीवर कामाला लागलेला नातू आणि दोघांमध्ये धरलेला अबोला. ही माणसं तुझ्या रोजच्या बघण्यातली आहेत, हे वाचताना कळतं. पण पहिल्याच पानावर तू लिहितेस, ‘आजोबांना आता आपल्या धंद्याचं काय होणार याची चिंता लागली होती.’ बाय, कथेत हे वाक्य चालेल. पटकथेत ते वाचून कॅमेरा लावणाऱ्याने काय करायचं? चिंता त्याला दिसत नाही. आजोबा काय करतात, एवढंच दिसतं.

मग ते काय करतात? तुला माहीत आहे, मला सांगायची गरज नाही. होडी रापणीचं जाळं सोडत समुद्रात वळसा घेते आणि परत किनाऱ्याला लागते. मग दोन बाजूंच्या दोन दोरांवर माणसं उभी राहतात आणि ओढायला लागतात. म्हणजे किनाऱ्यावर माणसं मोजता येतात. आजोबा एका दोराकडे बघतात, दुसऱ्याकडे बघतात आणि जिथे माणसं कमी तिथे मुकाट्याने जाऊन उभे राहतात. या वयात. झाली तुझी चिंता दाखवून. पुढे तू पर्यटकांचा प्रसंग लिहिला आहेस. ते हौसेने दोराला हात लावतात, फोटो काढतात आणि निघून जातात. हा प्रसंग तुझ्या पटकथेतला सगळ्यात जिवंत आहे. मात्र त्यात नातू नाही. त्या पर्यटकांना तिथे घेऊन येणारा तोच असला तर काय होईल, याचा विचार करून बघ.

मला तुला सांगायचं आहे ते मुख्यतः एवढंच: पटकथा लिहिणं म्हणजे दिसेल आणि ऐकू येईल तेवढंच लिहिणं, आणि उरलेलं सगळं बघणाऱ्यावर विश्वासाने सोडून देणं. हे शिकायला पुस्तकं आहेत, शाळा आहेत. पण हे ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केलं, ती माणसं तुझ्या जिल्ह्यात आहेत, आणि तुझ्या पत्रात त्यांचा उल्लेखही नाही, म्हणून मला राहवलं नाही.

कुडाळजवळ पिंगुळीला जा. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथी जपली आहे. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, ती याच कामासाठी. त्यांनी घरच्या गोठ्याच्या जागी संग्रहालय उभं केलं आहे. चित्रकथीत एका आख्यानाच्या चित्रांची चळत असते, तिला पोथी म्हणतात. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. सांगणारा एक चित्र उभं धरतो, गातो, बोलतो, मग ते बाजूला करून पुढचं काढतो. तिथे बसून दोन गोष्टी नीट बघ. एक, चित्रात काय आहे आणि आवाजात काय आहे. दोन, कोणतं चित्र किती वेळ धरलं जातं आणि कुठल्या शब्दावर बदललं जातं. पहिली गोष्ट म्हणजे पटकथा, दुसरी म्हणजे संकलन. सिनेमा भारतात येण्याच्या कितीतरी आधीपासून हे काम तिथे चालू आहे. शिवाय तिथे चामड्याच्या बाहुल्यांचा खेळही आहे. पडदा, मागे दिवा आणि हलणारी सावली. घरी परतलीस की तुझ्या पटकथेतलं निवेदन काढून बघ. त्यातली निम्मी वाक्यं चित्रात आधीच असलेलं पुन्हा सांगतात, असं तुझं तुलाच दिसेल.

संवादांसाठी दशावताराकडे जा. तू लहानपणापासून हा धयकालो बघत आलीस, पण आता शिकण्याच्या नजरेने बघ. वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर या मंडळ्यांची नावं तुला पाठ आहेत. आख्यानाला पाठ केलेली संहिता नसते. कोणतं आख्यान लावायचं, कोणी कोणती भूमिका घ्यायची एवढं ठरतं, आणि मग राजा, राणी, राक्षस आपापले संवाद उभ्या उभ्या रचतात. हे कसं जमतं? प्रत्येकाला ठाऊक असतं, की या क्षणी आपल्याला समोरच्याकडून काय हवं आहे. तेवढं ठाऊक असलं की बोलणं आपोआप येतं.

तुझ्या आजोबांचं आणि नातवाचं भांडण याच रीतीने लिहून बघ. तुझ्या दोन मैत्रिणींना किंवा मित्रांना बसव. एकाला सांग, तू आजोबा, तुला उद्या नातू दोरावर हवा आहे, पण विनंती करायची नाही. दुसऱ्याला सांग, तू नातू, तुला आजोबांना पैसे द्यायचे आहेत, पण ते घेणार नाहीत हे तुला माहीत आहे. संवाद देऊ नकोस. त्यांना बोलू दे, फोनवर ध्वनिमुद्रण कर आणि मग कागदावर उतरव. तुझा नातू सध्या म्हणतो, ‘तुम्ही माझी स्वप्नं कधी समजूनच घेतली नाहीत.’ मालवणातल्या दांडीच्या किनाऱ्यावर असं कोणी बोलेल का? आजोबा फार तर एवढंच म्हणतील, ‘बांगडे हाडलंय, आवशीक दी,’ आणि नातवाकडे न बघता निघून जातील. अबोला त्यात पुरता आला.

म्हणून माझा आग्रह आहे, की सगळे संवाद मालवणीत लिही. ‘शहरातल्या परीक्षकांना कळणार नाही’ ही भीती मनातून काढून टाक, खाली प्रमाण मराठीत उपशीर्षकं देता येतात. गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ १९८० साली आलं आणि मच्छिंद्र कांबळींनी मालवणी जगभर नेली. त्या नाटकाचं ऋण मोठं आहे. पण त्यानंतर मालवणी म्हणजे हसवायची भाषा, असंच बाहेरच्या लोकांनी धरून ठेवलं. २०१८ साली सागर वंजारींचा ‘रेडू’ आला. एका साध्या माणसाचा रेडिओवरचा जीव त्यात मालवणीतून दिसतो. ज्या भाषेत आपण रडतो, भांडतो, देवाला गाऱ्हाणं घालतो, त्या भाषेत दुःखही लिहिता येतं. ते तुझ्या पिढीने लिहायला हवं.

आता तू विचारलेल्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते: विद्यार्थ्याच्या लघुपटाची किंमत काय? खूप आहे. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ मध्ये, कुंडीत पेरलेल्या वाटाण्याचं रोप कसं वाढतं ते थोडं थोडं चित्रित केलं आणि तेवढी छोटी फिल्म दाखवून भांडवल देणाऱ्यांचा विश्वास मिळवला. नागराज मंजुळे नगरला संज्ञापनाचा अभ्यास करत होते, तेव्हा त्यांनी ‘पिस्तुल्या’ केला. शाळेत जावंसं वाटणारा एक मुलगा, एवढीच गोष्ट. पदार्पणातल्या दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार या लघुपटाला मिळाला. त्यातला सूरज पवार पुढे ‘फँड्री’त आणि ‘सैराट’मध्ये दिसला. उमेश कुलकर्णींचा ‘गिरणी’ हा पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपटसंस्थेत विद्यार्थी असतानाचा लघुपट. आईने घरात गिरणी आणली, तिचा आवाज घर भरून राहिला, आणि त्यात एका मुलाचं काय झालं. सुमित्रा भावे तर सिनेमा शिकलेल्याच नव्हत्या. बायकांच्या प्रश्नांवर संशोधन करता करता त्यांनी १९८५ साली ‘बाई’ केला. फाळक्यांचं रोप सोडलं, तर हे सगळे लघुपट एका माणसाच्या एका गरजेभोवती उभे आहेत. तुझ्या पटकथेत मात्र एलईडी दिव्यांची मासेमारी आहे, पर्यटन आहे, बहिणीचं लग्न आहे आणि शेवटी वादळही आहे. दहा मिनिटांत हे मावणार नाही. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, असा हिशेब असतो. त्या हिशेबाने आजोबा, नातू आणि दोर एवढेच ठेव. वादळ काढून टाक.

तू लिहिलं आहेस, ‘आपल्याकडे सिनेमाची परंपरा नाही.’ हे मला पटलं नाही. वि. स. खांडेकर १९२० पासून १९३८ पर्यंत शिरोड्याच्या शाळेत शिक्षक होते. तिथे असतानाच त्यांनी मास्टर विनायकांसाठी ‘छाया’ लिहिला. हंस पिक्चर्सने तो १९३६ साली काढला. मग ‘ज्वाला’, ‘देवता’, ‘अमृत’ आले. म्हणजे वेंगुर्ल्याजवळच्या किनाऱ्यावरचा एक शाळामास्तर बोलपटाच्या अगदी सुरुवातीच्या काळात पडद्यासाठी लिहीत होता. चिं. त्र्यं. खानोलकर तुझ्याच जिल्ह्यातले, बागलांच्या राईचे. त्यांच्या ‘चानी’वर व्ही. शांतारामांनी आणि ‘कोंडुरा’वर श्याम बेनेगलांनी चित्रपट केले, दोन्ही खानोलकर गेल्यानंतर. जयवंत दळवी आरवलीचे, त्यांच्या ‘चक्र’वरही चित्रपट झाला. या भूमीने गोष्टी खूप दिल्या. कॅमेरा मात्र बहुतेक वेळा दुसरीकडून आला आणि काम करून निघून गेला. आता फोन तुझ्या हातात आहे, म्हणजे कॅमेरा घरचाच आहे.

थोडं चित्रीकरणाविषयी. सध्या यांत्रिक मासेमारी ३१ जुलैपर्यंत बंद आहे, समुद्रही खवळलेला आहे. हे दिवस लिहिण्याचे आहेत. नारळी पौर्णिमा होऊन किनारा शांत झाला की चित्रीकरणाचं ठरव, पण तारखा भरती-ओहोटी बघून. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे जाते. सोमवारी सकाळी ओहोटीच्या ओल्या वाळूवर अर्धा प्रसंग घेतलास आणि उरलेला शनिवारी त्याच वेळी घ्यायला गेलीस, तर ती वाळू पाण्याखाली असेल. तसंच पाणी त्याच वेळेला पुन्हा मिळायला पंधरवडा थांबावं लागतं. पटकथेत ‘सकाळ’ एवढंच लिहू नकोस, ‘सकाळ, ओहोटी’ असं लिही. सकाळी ऊन माडांच्या मागून येतं, संध्याकाळी समुद्राकडून. कोणत्या प्रसंगात आजोबांचा चेहरा दिसायला हवा आणि कोणत्यात नुसती आकृती, ते यावरून ठरव.

आवाजाकडे बहुतेक विद्यार्थ्यांचं लक्ष नसतं. किनाऱ्यावरचा वारा सगळे शब्द खाऊन टाकतो. दुसरा फोन बोलणाऱ्याच्या कपड्यात लपवून ठेव, वाऱ्यापासून झाक, आणि दोन्ही चालू केल्यावर एक टाळी वाजव, म्हणजे नंतर जुळवता येईल. प्रसंग संपला की सगळ्यांना गप्प उभं करून अर्धं मिनिट नुसता समुद्र ध्वनिमुद्रित करून ठेव. संकलनात सांधे झाकायला तो लागतो. घरातल्या दिव्यांखाली चित्र लुकलुकू नये म्हणून सेकंदाला २५ फ्रेम ठेव. सिंधुदुर्ग किल्ला पुरातत्त्व खात्याकडे आहे, तिथे परवानगीशिवाय सामान घेऊन जाऊ नकोस. आणि रापणकरांना आधी भेट, विचार, काय करणार ते समजावून सांग. त्यांच्या मेहनतीच्या वेळी मध्ये येऊ नकोस. त्यांच्या पोटाचा प्रश्न तुझ्या शॉटपेक्षा मोठा आहे.

आता पुण्याचं. एफटीआयआयमध्ये पटकथालेखनाचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. १९६० साली प्रभात स्टुडिओच्या जागेत सुरू झालेली ही संस्था आहे, आणि त्या आवारात, चांगल्या चित्रपटांत, दिवसरात्र वाद घालणाऱ्या मुलांमध्ये राहणं हे मोठं शिक्षण आहे. तू प्रवेशपरीक्षा जरूर दे, माझं घर तुझंच आहे. पण तिथे तुला काय येतं यापेक्षा तू काय पाहिलं आहेस, हे जास्त मोलाचं ठरेल. तुझ्याजवळ ते आहे, आणि ते मालवण सोडण्याआधी लिहून, चित्रित करून, कापून, जोडून पुरं करायचं आहे. अर्धवट राहिलेल्या दहा चांगल्या कल्पनांपेक्षा पुरा झालेला एक साधा लघुपट तुला जास्त शिकवील. तो लावला की लोक कुठे चुळबुळतात, कुठे शांत होतात, हे दिसतं, आणि पुढची पटकथा तिथून सुरू होते.

दुसरा मसुदा मला पाठवण्याआधी रापणीवरच्या एखाद्या जाणत्या माणसाला वाचून दाखव. ‘असां कोण बोलता?’ असं त्याने जिथे विचारलं, तिथे खूण कर आणि तो भाग पुन्हा लिही. लघुपट झाला की तो पहिल्यांदा त्यांनाच दाखव, देवळाच्या आवारात, पांढऱ्या चादरीवर. महोत्सवांना नंतर पाठव. त्यांनी ‘व्हय, ह्या आमचा’ म्हटलं, तर तू पटकथा लिहायला शिकलीस असं मी मानीन, आणि पुण्यातला कुठलाही परीक्षक काही म्हणाला तरी माझं मत बदलणार नाही.

ताईला नमस्कार. पटकथेवरच्या पेन्सिलीच्या खुणा वाचून घे, प्रत्येक खुणेवर तुझं मत कळव. जिथे तुला पटणार नाही तिथे माझ्याशी वाद घाल.

तुझी,
मावशी