आत्याचा फोन

२०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेच्या महापुराने नृसिंहवाडीला वेढले, तेव्हा आत्याशी माझा दोन दिवस संपर्क होऊ शकला नाही. मी कौतुकाने दिलेला स्मार्टफोन तिच्याजवळ होता; परंतु वीज गेली आणि एका दिवसात त्याची बॅटरी संपली. खरे तर तो तिच्या हाताला कधी रुळलाच नव्हता. वयामुळे कोरड्या पडलेल्या बोटांचा स्पर्श त्या काचेला उमगत नसे. 'ह्याला माझं बोट कळत नाही रे,' असे ती म्हणे आणि मी पुन्हा तिलाच शिकवू लागे.

पूर ओसरल्यावर साधा बटणांचा फोन आणला : ठसठशीत आकडे, मोठी घंटा, एकदा चार्ज केला की चार-पाच दिवस चालणारा. (तो मागताना दुकानात मला उगीचच संकोच वाटला.) दोनचा आकडा दाबून धरला की मला फोन लागेल, अशी सोय केली. त्या बटणावर आत्याच्या नातीने लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला.

पुढे एका पावसाळ्यात पहाटेच घंटा वाजली.

'दक्षिणद्वार झालं बघ. पादुकांवरनं पाणी चाललंय. स्नान करून आले. पाणी आणखी चढलं तर शिरोळला लेकीकडं जाईन.'

मी काही विचारण्याआधीच तिने फोन ठेवला.