व्हिसा लागला म्हणजे झालं का?

परवा संध्याकाळी जठारपेठ चौकात चहा घेत होतो. एक ओळखीचे पालक गाडी लावून थेट माझ्याकडं आले. खिशातून पासपोर्टची झेरॉक्स काढून पुढं धरली. "भाऊ, तुमीच छापलं होतं ना? हे पाहा, व्हिसा पाच वर्षाचा हाये. मंग पोराले आत्ताच घरी जा म्हणतात, कायले?"

छापलं होतं खरं, फोटोसकट. पेढेही खाल्ले होते. पण व्हिसा म्हणजे नेमकं काय, हे त्या बातमीत एका ओळीनंही नव्हतं. कारण तेव्हा मलाच माहीत नव्हतं.

झालं असं की, पोराला तिकडं कावीळ झाली. दोन विषय झेपेनात म्हणून त्यानं ते परस्पर सोडले, कॉलेजच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसला न विचारता. आपल्याकडं विषय राहिला तर एटीकेटी असते. तिथं न विचारता ठरल्यापेक्षा कमी विषय घेतले, तर राहण्याचा हक्कच जातो. तीन महिने पोरानं लाजेपायी घरी सांगितलं नाही.

त्या रात्री अमेरिकन सरकारचे नियम वाचत बसलो. समजलं ते सोप्या भाषेत सांगतो.

पासपोर्टवरचा एफ-१ व्हिसा फक्त दारापर्यंत नेतो. आत राहायचा हक्क कॉलेजनं दिलेल्या आय-२० कागदावर आणि त्यातल्या अटी पाळण्यावर टिकतो. व्हिसाची तारीख संपली तरी शिक्षण नियमात सुरू असेल, तर राहता येतं. उलट तारीख पाच वर्षं पुढची असली आणि शिक्षण तुटलं, तर राहता येत नाही. आजारपणात विषय कमी करता येतात, पण आधी परवानगी घेऊन, डॉक्टरच्या कागदावर. कॉलेज सुरू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तास काम चालतं. बाहेर दुकानात विनापरवाना काम केलं, तर खेळ खलास.

जर्मनीचं वेगळं. इकडून मिळतो तो व्हिसा बहुधा काही महिन्यांचाच. तिथं पोचल्यावर पत्त्याची नोंदणी करायची आणि व्हिसा संपायच्या आत परदेशी नागरिकांच्या ऑफिसात निवास परवान्याचा अर्ज द्यायचा. वर्षाच्या खर्चासाठी आधीच ११,९०४ युरो ब्लॉक खात्यात टाकावे लागतात. त्यातले महिन्याला ९९२च हाती येतात. परवान्याचं नूतनीकरण करताना पैसे आणि अभ्यासातली प्रगती दोन्ही पाहतात.

परदेशी शिकायला जाणं वऱ्हाडाला नवं नाही. आपल्या कृषी विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे ते पंजाबराव १९२० साली विलायतेला गेले. तेव्हा आपण ब्रिटिश साम्राज्यात, म्हणून विद्यार्थी व्हिसाचा हा फेरा त्यांच्यामागं नव्हता. आजच्या पोरामागं तो रोज आहे. आणि कन्सल्टन्सीवाल्याचं काम व्हिसा लागला की संपतं.

दुसऱ्या दिवशी त्या पालकांना घरी बोलावलं. म्हटलं, मार्ग आहे. हक्क पुन्हा मिळावा म्हणून अर्ज करता येतो, पण साधारण पाच महिन्यांच्या आत. तीन गेले. पोराला सांगा, आजच त्या ऑफिसात जा अन् काविळीचे कागद सोबत ने. मग विचारलं, "बाहेर कुठं काम तर केलं नाही ना त्यानं?"

ते थोडा वेळ गप्प राहिले. "नाही म्हणते," म्हणाले. मग खाली पाहत, "दोन एकर गेलं भाऊ याच्यात."

अर्ज गेला आहे. निकाल काय लागेल, मी सांगू शकत नाही.

पण तुमच्या घरातून कोणी निघत असेल, तर पेढे वाटायच्या आधी त्याच्यासोबत बसा. राहण्याचा हक्क कशावर टिकतो, कशानं जातो आणि अडचण आली तर तिथं कोणाला विचारायचं, हे कागदावर लिहून घ्या. आणि एक सांगून ठेवा: काही चुकलं तर पहिला फोन घरी कर, आम्ही रागावणार नाही.

यापुढं व्हिसाची बातमी घेऊन माझ्याकडं याल, तर फोटो छापीनच. पण हे तीन प्रश्नही विचारीन.