समुद्राची वीज आणि उसाची मोटर

निपाणीकडे उसाच्या बांधावर कुणी भेटलं, की प्रश्न ठरलेला: "सर, समुद्रात एवढ्या लाटा आहेत, मग आमची मोटर रात्री-अपरात्रीच का चालवायची?" लाटांपासून वीज हा माझा विषय असल्याने उत्तर देणं भाग पडतं.

हिशेब ऐकायला गोड आहे. आठ सेकंदांच्या अंतराने येणारी एक मीटर उंचीची लाट किनाऱ्याच्या दर मीटरमागे सुमारे ४ किलोवॉट घेऊन येते, म्हणजे कागदावर पाच एचपीची एक मोटर. उंची तिप्पट झाली की ताकद नऊपट. खरी गोम इथेच आहे. यंत्र बांधायचं जुलैतल्या लाटेचा मार खाईल असं, आणि चालवायचं जानेवारीतल्या लाटेवर. दुसरी अडचण दिशेची. गोकाकला घटप्रभा नदी सुमारे १७० फुटांवरून कोसळते, पण एकाच दिशेने. तिच्या जोरावर १८८७ साली सूतगिरणी उभी राहिली. लाट येते तशी जातेही.

या ये-जा करण्यावरचा तोडगा आपल्याकडे केरळात विळिंजमला पाहायला मिळाला. आयआयटी मद्रासने १९९१ मध्ये तिथे १५० किलोवॉटचं केंद्र सुरू केलं. समुद्रात उभी केलेली काँक्रीटची मोठी पोकळ पेटी, समोरून पाण्याखाली उघडी. लाट आत चढली की वरची हवा दाबली जाऊन टर्बाइनमधून बाहेर फेकली जाते, लाट ओसरली की हवा त्याच वाटेने आत ओढली जाते. वेल्स टर्बाइनची पाती दोन्ही बाजूंनी सारखी, त्यामुळे हवा कुठूनही येवो, चाक एकाच दिशेला फिरतं. बेलफास्टच्या अ‍ॅलन वेल्स यांची ही कल्पना मला आजही फार देखणी वाटते. पुढे याच केंद्राच्या विजेवर समुद्राचं पाणी गोडं करण्याचा प्रयोगही झाला. आता केंद्र बंद आहे.

कोकणचं गणित आणखी अवघड. वेंगुर्ल्याच्या कोळ्यांना ते न सांगता कळतं: नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या वर ओढलेल्या, मग दर्या निवळला की मासेमारी. होडीवाल्याचा हंगाम सुरू होतो तेव्हा लाटेच्या यंत्राचा संपत आलेला असतो. बरं, ज्या महिन्यांत लाटा जोरात, त्याच महिन्यांत पवनचक्क्याही गरगरतात, हिडकल आणि कोयना ही धरणं भरू लागतात, आणि पाऊस असल्याने शेतातली मोटर बंद असते. एप्रिलमध्ये ऊस तहानलेला, तेव्हा दर्या शांत. आमच्या सीमाभागातल्या शेतकऱ्याला मी म्हणूनच सरळ सांगतो, लाटांच्या भरवशावर पाळी देऊ नका, त्यापेक्षा सौर पंप बघा.

मग मी हे काम का करतो? स्पेनमध्ये मुत्रिकूला २०११ साली बंदराच्या लाटरोधक भिंतीतच १६ टर्बाइनं बसवली. भिंत तशीही बांधायची होती, तिच्यात पोकळ कप्पे ठेवले इतकंच. भारत पेट्रोलियमनेही २०२५ मध्ये इको वेव्ह पॉवर या इस्रायली कंपनीशी मुंबईत १०० किलोवॉटच्या प्रयोगाचा करार केला. आकडा लहान आहे, पण माझ्या मते किनाऱ्याला धरून राहण्याची वाट हीच. खोल समुद्रात तरंगणाऱ्या अवाढव्य यंत्रांवर माझा फारसा विश्वास नाही. कोकणातल्या एखाद्या बंदराची भिंत वाढवायची असेल, तर नकाशा पक्का होण्याआधी चार कप्पे आखून घ्यावेत. भिंतीचा खर्च बंदराच्या खात्यावर पडला, तर टर्बाइनला पावसाळ्याचे चार महिनेही पुरतील, आणि दुरुस्तीला होडी लागणार नाही.